दोन बोटं मागं

बालाघाट
१८ ऑगस्ट २०२४

प्रीतम भाऊ,

हे तुले तिसरं पत्र. पहिल्या दोन्हीचं उत्तर आलं नाही. नाही आलं तर नाही आलं, मी लिहिणं सोडत नाही. आपली शाळा हिंदीची, मले शुद्ध मराठी जमत नाही. घरी बोलतो तसंच लिहून राह्यली. तू नागपूरले दहा वर्षं राहून आला, तुही मराठी साफ आहे. हसू नको.

काम असं आहे का मायले तुह्याकडे तिचा फोटो पाठवायचा आहे. मी म्हटलं, मोबाइलनं काढते, दुकानातून छापून आणते. तर म्हणे, "मोबाइलचा नको. माह्या पोराच्या कॅमेऱ्यानं काढ. तो तसाच पेटीत पडून राह्यला." तू शादीत वापरे तो नाही, तो जुना जपानी, मोठ्या काचेचा. तूच एकदा शिकवलं होतं म्हणून रोल टाकता आला. नागपूरच्या नीळकंठकाकाले फोन केला, त्याईनं चार रोल पाठवले. म्हणे, काढ अन् माह्याकडेच धुवायले पाठव, प्रीतम माह्याच दुकानात शिकला आहे.

पहिला रोल पुरा गेला. छत्तीसपैकी एकात माय धड दिसत नाही. पाण्याखाली बसल्यासारखी दिसते. फ्लॅश मारता येत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिच्या डोळ्यात उजेड टोचते. अन् बाहेर अंगणात ती येत नाही.

तर या कॅमेऱ्यात फोकस कसा करतात ते लिहिजो. फोनवर पाच मिनिटं भेटत होती, ती माय रडण्यातच घालवे, म्हणून तू फोन बंद केला. ते मले समजते. चिठ्ठीत कोणी रडत नाही.

मायची तबियत ठीक आहे.

तुही ताई,
मंजू


जबलपूर, जेल
२९ ऑगस्ट २०२४

मंजूताई,

तिन्ही पत्रं मिळाली.

त्या कॅमेऱ्यात भिंगातून बघत नाहीत. भिंग वेगळं, बघायची खिडकी वेगळी. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन आहे. त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक खरा आणि एक भुतासारखा फिकट. भिंगाची कडी फिरवली की फिकट माणूस सरकतो. तो खऱ्यावर अगदी बरोबर बसला की फोकस झाला. याला रेंजफाइंडर म्हणतात.

आता अडचण. ते भिंग फार उघडतं. भिंगावरचा आकडा एक पॉइंट दोन. म्हणून खिडकीच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो येतो. पण तेवढं उघडलं की माणसाचा फक्त दोन बोटं जाडीचा भाग साफ येतो, पुढचं-मागचं सगळं विरघळतं. डोळा साफ तर कान नाही. कान साफ तर डोळा नाही.

म्हणून असं कर. चौकोनात उभी रेघ धर, आडवी नको. मायच्या चष्म्याची बाजूची कडा चालेल. कडी एक मीटरवर ठेव आणि मग तिला हात लावू नको. तू स्वतः थोडी पुढे-मागे झुक. दोन कडा एक झाल्या की त्याच क्षणी, श्वास सोडता सोडता, बटण दाब.

मायला नमस्कार.

प्रीतम


बालाघाट
२१ सप्टेंबर २०२४

प्रीतम भाऊ,

तुही चिठ्ठी आली त्या दिवशी मी ब्लाऊज शिवायचे सोडून देल्ले. मायनं दोनदा वाचून घेतली. "भुतासारखा फिकट" आलं तर हसली. चिठ्ठी उशीखाली ठेवली आहे.

सोबत तीन फोटो आहेत. नीळकंठकाकानं मागं पेन्सिलनं लिहिलं आहे, "कान उत्तम." खरंच, तिन्हीत कान एकदम साफ, कानातली फुली साफ, अन् डोळे धुरकट. माय म्हणे, "हाच पाठव. त्याले माहा कान तर दिसू दे, मी ऐकून राह्यली म्हणून समजन तो."

तू सांगतलं तसंच केलं होतं. चष्म्याच्या कडेवर दोन्ही रेघा मिळवल्या. मंग कॅमेरा जरा खाली केला, तिचे हात पण यावेत म्हणून. हात सुंदर आहेत तिचे अजून. अन् बटण दाबलं. तरी फोकस दोन बोटं मागं काहून जाते?

ताई


जबलपूर, जेल
२ ऑक्टोबर २०२४

मंजूताई,

चूक तूच लिहून पाठवलीस. फोकस केल्यावर कॅमेरा खाली झुकवलास ना, तिथेच गेलं. साफ येणारा पट्टा एका सरळ पाटीसारखा असतो, कॅमेऱ्याच्या तोंडाला समांतर. कॅमेरा डोळ्यांवरून हातांकडे झुकवला की पाटीही झुकते आणि डोळ्यांच्या मागून जाते. लांबच्या माणसाला फरक पडत नाही. एका मीटरवर पडतो. म्हणून फोकस झाल्यावर कॅमेरा हलवू नको. हात आले नाहीत तर नको येऊ देत.

तरी कॅमेऱ्याचीही परीक्षा घे. तुझा शिलाईचा टेप टेबलावर तिरपा चिकटव. तीसच्या आकड्यावर फोकस कर आणि भिंग पूर्ण उघडं ठेवून फोटो काढ. फोटोत तीसच साफ आला तर कॅमेरा बरोबर. बत्तीस साफ आला तर आतली कडी सरकलेली असेल, काका नीट करतील.

आता दुसरं. तिसऱ्या फोटोत मायच्या कानाच्या वर, केसांखाली एक खाच दिसते. गालावरही तिची पुसट रेघ उतरली आहे. मी इथे सहा महिने दवाखान्याच्या वॉर्डात काम करतोय. नाकात नळी लावलेल्या माणसाला कानावर अशीच खाच पडते.

मायला ऑक्सिजन लागतोय का? खरं लिही.

प्रीतम


बालाघाट
२४ ऑक्टोबर २०२४

प्रीतम भाऊ,

टेपचा फोटो पाठवून राह्यली. तीस एकदम साफ आहे, सुताचा धागा न् धागा दिसते. एकोणतीस अन् एकतीसपासून पुसट होत जाते. काका म्हणाले, कॅमेऱ्याले काही झालं नाही, त्याले हात लावू नको.

मायचे नवे चार पाठवले. यावेळी कॅमेरा जरा पण हलवला नाही, हात टेबलावर टेकवून ठेवले होते. तरी कशात नाक साफ, कशात कान साफ. डोळे एकात पण नाही. मले तर वाटून राह्यलं का हे मले जमणारं कामच नाही.

कानावरची खाच चष्म्याची आहे. तिचा चष्मा जुना झाला, घट्ट बसते. तू काहीच्या काही डोक्यात घेऊ नको.

ताई


जबलपूर, जेल
४ नोव्हेंबर २०२४

ताई,

चष्म्याची काडी कानाच्या मागे वळते. ही खाच कानावरून पुढे गालाकडे येते.

तुझे सातही फोटो मी बराकीच्या दाराशी उजेडात ओळीने मांडून पाहिले. कॅमेरा बरोबर आहे, टेपने सांगितलं. तुझा हात बरोबर आहे, खिडकीची चौकट कुठे हललेली नाही. म्हणजे हलतेय ती माय. कधी दोन बोटं पुढे, कधी दोन बोटं मागे. खुर्चीत बसलेली बाई इतकी हलते ती एकाच कारणाने. ती पूर्ण खांदे उचलून श्वास घेतेय.

तू सांगितलं नाहीस तरी मला कळलंय. पण मला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे.

प्रीतम


बालाघाट
१२ नोव्हेंबर २०२४

प्रीतम,

हौ. तू बरोबर आहे.

मे महिन्यात तिले गोंदियाले नेलं होतं. डॉक्टरनं छातीचा एक्स-रे पाहून सांगतलं का फुफ्फुसं सुकून राह्यली, हे पलटत नाही. मी विचारलं, किती दिवस. त्यानं सरळ नाही सांगतलं. म्हणे, दिवाळी निघून जाईन, होळीचं सांगता येत नाही. दिवाळी झाली, भाऊ.

घरी मशीन आणली आहे, बिजलीवर चालते. नळी नाकात असते दिवसभर. फोटोच्या वेळेस मीच काढत होती. तीच म्हणे, "नळीवाली माय पाहून तिथं बसल्या बसल्या तो काय करन?" दोन मिनिटं नळी काढली का तिचे खांदे वर-खाली होतात. मी कॅमेऱ्यातून तेच पाहत राहे. चौकोनातल्या दोन माया मिळत नाहीत, मिळाल्या का पुन्हा सुटतात. मले वाटे, फोकस मले येत नाही.

तुले मुद्दाम नाही सांगतलं. तू आत, काय करणार होता? पण आता तुले माहीतच झालं, तर विचारते. तू मागच्या साली लिहिलं होतं का पॅरोल तुह्या नियमात बसत नाही. एकदा अजून विचार ना जेलरसाहेबाले. माय तोंडानं म्हणत नाही. पण परवा गल्लीत गाडी थांबली तर तिनं खाटेवरून मान उचलून दाराकडे पाह्यलं. तिले वाटलं असन.

मंजू


जबलपूर, जेल
२० नोव्हेंबर २०२४

ताई,

मी तुला खोटं लिहिलं होतं. पॅरोल माझ्या नियमात मागच्या वर्षीच्या मार्चपासून बसतो. फॉर्म दोनदा माझ्यासमोर ठेवला गेला. मी सही केली नाही.

कारण असं. अर्ज गेला की पोलीस लामत्याला जातात. भैयालालच्या घरी. त्याच्या बायकोला विचारतात, हा माणूस काही दिवस बाहेर आला तर तुमची हरकत आहे का. म्हणजे ज्या बाईचा नवरा माझ्या हातून गेला तिच्या दारात पुन्हा माझं नाव घेऊन कोणी तरी उभं राहणार. ते मला सहन होत नव्हतं. मला वाटलं, न मागितलं तर निदान एवढा त्रास तरी तिला होणार नाही. आता वाटतं, तिच्या नावाखाली मी माझीच लाज झाकली. भोगलं मायने.

कोर्टात तू रोज यायचीस, पण मी तुझ्याशी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. लग्नात वरमाला चालली होती. भैयालाल थोडा प्यायलेला होता, हसत होता, पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर येत होता. वाईट काही बोलला नाही. मी दोनदा बाजूला केलं. तिसऱ्यांदा धक्का दिला. तो स्टेजवरून मागे पडला आणि खाली ओट्याचा दगड होता. तिसऱ्या दिवशी गेला.

परवा मी अर्जावर सही केली. आता पोलीस लामत्याला जातील. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे.

मायला अजून काही सांगू नको.

प्रीतम


बालाघाट
१ डिसेंबर २०२४

प्रीतम,

तुही चिठ्ठी तीन दिवस तशीच ठेवली. राग आला होता. पुरं साल माय दाराकडे पाहत राह्यली अन् तुह्याजवळ कागद होता. मंग राग ओसरला. तुले शिव्या देऊन मायचे दिवस वाढत नाहीत.

काल मी लामत्याले गेली. तुले विचारलं असतं तर तू नको म्हटलं असतं. पोलीस जायच्या आधी आपल्यापैकी कोणी तरी जाणं पाह्यजे, असं मले वाटलं.

सरिता शाळेत रसोई करते. घरी आली तेव्हा दोन वाजले होते. तिचा सासरा महागू ओसरीत दोरी वळून राह्यला होता. त्यानं मले ओळखलं अन् पुन्हा दोरी वळू लागला. सरितानं पाणी आणून देल्लं. मी हातात गिलास धरून बसली, पिववेना.

मी म्हटलं, "बाई, मी प्रीतमची बहीण."

"माहीत आहे. कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसत होत्या."

मी सगळं सांगतलं. मायचं, नळीचं, अर्जाचं. म्हटलं, पोलीस विचारायले येतील. तुम्ही काय सांगावं हे मी सांगायले नाही आली. त्याच्या तोंडून नाही तर निदान माह्या तोंडून तुमाले आधी समजावं, म्हणून आली.

ती बहुत वेळ सुपात तांदूळ निवडत राह्यली. मंग म्हणे, "तुमच्या भावानं तीन साल झाले, मले एक चिठ्ठी नाही लिहिली. कोर्टात पण मान खाली. मले त्याचा चेहरा धड आठवत नाही. माणूस मेला माहा, अन् त्याले माह्याशी एक शब्द बोलायचा नव्हता?"

मी गिलास खाली ठेवला. महागू पहिल्यांदा बोलला, "जाऊ दे या बाईले, सरिता. ठरवायचं ते तू ठरव."

बस, इतकंच. तिनं हौ पण नाही म्हटलं, नाही पण नाही. बसमध्ये बसल्यावर मले भरून आलं. तू त्या बाईले चिठ्ठी लिही, प्रीतम. पॅरोलसाठी नको लिहू. तिनं मागितली म्हणून लिही.

मंजू


जबलपूर, जेल
९ डिसेंबर २०२४

सरिताबाई,

मी प्रीतम. हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं. दर वेळी लिहायला बसलो की वाटायचं, तुमच्या दुःखात मी आता आणखी काय घालू. आता कळतं, तसं म्हणून मी स्वतःला वाचवत होतो.

तुमचा नवरा माझ्या धक्क्याने गेला. दारू, गर्दी, स्टेज, दगड, वकिलाने कोर्टात पुष्कळ कारणं सांगितली. माझ्या मनात ती कधीच टिकली नाहीत. त्याने मला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. तो लग्नात आनंदात होता. मला फक्त माझा फोटो बिघडू द्यायचा नव्हता.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. धक्का दिला तेव्हा माझा एक डोळा कॅमेऱ्यालाच होता. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हाताने बाजूला सारलं, एखादी खुर्ची सारावी तसं. त्याचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला, तो खाली पडल्यावरच. तो चेहरा रोज दिसतो. हे तुम्हाला सांगून मला दया नको आहे. तुमचा माणूस शेवटी कोणाच्या समोर होता आणि त्याने तुमच्या माणसाकडे पाहिलंही नव्हतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं असं वाटलं.

पोलीस येतील तेव्हा तुम्हाला वाटेल ते सांगा. हे पत्र त्यासाठी नाही. या पत्राचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

माझं चुकलं. फार मोठं चुकलं.

प्रीतम


लामता
२३ डिसेंबर

प्रीतमले,

चिठ्ठी भेटली. सासऱ्याले वाचून दाखवली. सासूले नाही दाखवली.

तुमी लिहिलं का त्याच्याकडे पाह्यलं पण नाही. ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण लिहिलं ते बरं केलं. आतापर्यंत सगळ्याईनं मले असंच सांगतलं का झगडा झाला होता. झगडा झालाच नव्हता, हे मले वाटतच होतं. तो झगडा करणारा माणूस नव्हता.

काल पोलीस आलते. हरकत नाही म्हणून मी सही केली. ही माफी नाही. माफी माह्याजवळ नाही. गुन्हा तुमचा आहे, तुमच्या मायचा नाही, म्हणून सही केली.

आता मले पुन्हा चिठ्ठी लिहू नका.

सरिता


बालाघाट
५ जानेवारी २०२५

प्रीतम,

ठाण्यातून माणूस आलता, घर पाहून गेला. म्हणे, कागद वर गेले, आठ-दहा दिवसांत होऊन जाईन. नीळकंठकाकाची जमानत लागली, ते स्वतः येऊन सही करून गेले.

मायले सांगून देल्लं. मले राहवलं नाही.  ती म्हणे, "वेणी घालून दे."

लवकर ये.

ताई


जबलपूर, जेल
२ फेब्रुवारी २०२५

मंजूताई,

वेळेत परत हजर झालो, ती काळजी नको. चौदा दिवस कसे गेले ते तू पाहिलंसच. पण काही गोष्टी तुझ्यासमोर झाल्या नाहीत, त्या लिहितो.

घरी येताना गाडी लामता स्टेशनवर थांबली. दोन मिनिटं असेल. सरिताबाईंनी लिहू नका म्हटलंय, तो शब्द मी पाळणार आहे. खिडकीशी बसलो होतो, तिथून उठून आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. गाडी सुटल्यावर परत बसलो.

तू गिऱ्हाइकांचे कपडे द्यायला गेली होतीस ती दुपार. मी मायच्या खाटेजवळ कॅमेरा घेऊन बसलो होतो. नळी काढू नको म्हणून मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "फोटू मंग काढजो. आधी मले सांग, ते झालं कसं?"

तीन वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. तिला काय माहीत होतं, काय नव्हतं, मला माहीत नाही. मी सांगितलं. जे सरिताबाईंना लिहिलं ते सगळं, एक शब्द कमी न करता. मशीनचा आवाज चालू होता.  मला वाटलं, ती डोळे मिटेल, तोंड फिरवेल. तिने तोंड फिरवलं नाही.

सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "त्या पोराच्या मायनं काय केलं असन रे?" मी खाली कॅमेऱ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तुले माहीत नाही, मले माहीत आहे." आणि मग, "आता काढ."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तुला एवढं शिकवलं आणि मलाच जमेना. डोळ्यात पाणी, चौकोनात माय दोन नाही, चार दिसत होत्या. पुसायचं, पुन्हा लावायचं. माय म्हणाली, "घाई काहून करून राह्यला? मी कुठं जाऊन राह्यली?"

तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला आणि नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तिचा श्वास मोजला. आत घेताना खांदे पुढे येतात, सोडताना मागे जातात. पण सोडून झाल्यावर, पुन्हा घेण्याआधी, एक लहानशी जागा आहे. तिथे ती हलत नाही. एक म्हणायला लागतो तेवढाच वेळ. मी त्या जागेवर कडी लावली आणि वाट पाहिली. पाचव्या श्वासाला बटण दाबलं. एकच काढला. दुसरा काढावासा वाटला नाही.

रोल तुझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलाय. काकांना पाठव. कसा आलाय माहीत नाही. नीट आला नसला तर मला सांगू नको.

प्रीतम


बालाघाट
१० मार्च २०२५

प्रीतम,

जेलमध्ये फोन केला होता तेव्हा साहेबानं म्हटलं का मायचं तुले सांगतलं आहे. एवढ्या लवकर दुसऱ्यांदा सोडत नाहीत, हे पण त्यानं सांगतलं. म्हणून हे तुह्यासाठी लिहून राह्यली, सगळं, म्हणजे तुले काही राहून गेल्यासारखं वाटू नये.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेले, शुक्रवारी, दुपारी गेली. सकाळी चहा घेतला होता. मले म्हणे, केस विंचर. विंचरून झालं तर माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी हाक मारली नाही, झोपू देल्लं. बऱ्याच वेळानं मशीनचा आवाज तसाच अन् तिचा आवाज नाही, तेव्हा समजलं. त्रास झाला नाही. हे मी तुले बरं वाटावं म्हणून नाही लिहीत. आता मी तुले असं काही लिहिणार नाही.

वैनगंगेवर नेलं. मुखाग्नी मी देल्ला. मामाकडच्यांनी म्हटलं, पोरगी कशी देईन, चुलतभावाले बोलवा. मी म्हटलं, तिचा पोरगा आत आहे अन् मी बाहेर आहे, बस. 

फोटो आठव्या दिवशी आला. नीळकंठकाका डाकेनं न पाठवता स्वतः घेऊन आले. ओसरीत उभे राहून लिफाफा देल्ला अन् म्हणे, "माह्या दुकानात चाळीस साल झाले, असा एक नाही धुतला." डोळे साफ आहेत, प्रीतम. पापणीचा केस न् केस दिसते. डोळ्याखालची कातडी दिसते. नळी पण दिसते, ओठ सुकलेले दिसतात. ती तुह्याकडे पाहून राह्यली आहे, अन् तिनं ते सगळं ऐकलं आहे, हे तोंडावर आहे. तुही चिठ्ठी वाचली नसती तर मले समजलं नसतं ते काय आहे. आता दुसरं काही दिसत नाही. राग नाही त्यात. माफ केलं असं पण नाही म्हणता येत. माय आहे अन् पाहून राह्यली, इतकंच.

तेरवीले मावशी म्हणे, हा नको लावू, किती बिमार दिसते, तो लग्नातला मोठा करून आण. मी हाच लावला. लोक आले, पाह्यलं अन् हात जोडले. सोबत एक तुह्यासाठी छापून पाठवला आहे. आत ठेवू देतात का नाही माहीत नाही. नाही देल्लं तर परत पाठवजो, मी ठेवीन.

अजून एक. काल मी बसस्टँडवर होती. लामत्याची बस लागलेली होती अन् सरिता त्यात चढून राह्यली होती, हातात शाळेचं काही सामान होतं. तिनं मले पाह्यलं. मले वाटलं, तोंड फिरवून घेईन, अन् तसं केलं असतं तर मले वाईट वाटलं नसतं. ती पायरीवरून खाली उतरली. माह्या बिनटिकलीच्या कपाळाकडे, पांढऱ्या साडीकडे पाह्यलं, तिले समजलं.

म्हणे, "कधी?"

मी म्हटलं, "सोळा दिवस झाले."

"तो पोहोचला होता का?"

"हौ," मी म्हटलं. "चौदा दिवस होता जवळ."

"बरं झालं," ती म्हणाली, अन् बसमध्ये चढली.

तुही,
मंजूताई